ट्रॅव्हल डेस्कच्या कामात कुतूहल किती वर्षे टिकते?

वाटचाल_३१ यांचा प्रश्न :

मी चाकण परिसरातील एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गेली सहा वर्षे लेखा विभागात पुरवठादारांची बिले तपासण्याचे काम करते. आमच्या ट्रॅव्हल डेस्कवरील एक सहकारी निवृत्त होत असून त्यांच्या जागी येता का, असे मला विचारण्यात आले आहे. आमचे अभियंते मुख्यतः जर्मनी आणि जपानला, अधूनमधून दुबई आणि केनियालाही जातात. त्यांची तिकिटे, व्हिसा, विमा, हॉटेल, विमानतळापर्यंतची गाडी आणि परत आल्यावरचा खर्चाचा हिशेब, असे सगळे या डेस्ककडे असते.

घरी आणि कार्यालयातही अनेकांचे म्हणणे असे की तिकिटे आता कोणीही मोबाइलवर काढतो, त्यात शिकण्यासारखे काय आहे? मला स्वतःला एखादी गोष्ट अशीच का, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि बिलांच्या कामात त्या स्वभावाला फारसा वाव मिळालेला नाही. तरीही भीती वाटते की पहिले वर्ष सगळे नवे वाटेल आणि नंतर पुणे, मुंबई, फ्रँकफर्ट हीच वाट रोज गिरवावी लागेल. ज्यांनी हे काम दीर्घकाळ केले आहे त्यांनी कृपया स्वतःच्या अनुभवावरून सांगावे.

घाटमाथा यांचे उत्तर :

मी १७ वर्षे एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर आहे. वाट तीच राहते, ही आपली शंका खरी आहे. पण त्या वाटेवरून जाणारा माणूस, त्याचे सामान आणि जाण्याची तारीख बदलली की काम पूर्णपणे वेगळे होते, हे मला साधारण दुसऱ्या वर्षी उमगू लागले.

एकाच आठवड्यात स्टुटगार्टला गेलेल्या तिघांचे उदाहरण देतो. पहिले वरिष्ठ व्यवस्थापक होते. त्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) होता, त्यामुळे कोणालाच काळजी नव्हती. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि ती मोजणी रोज एक दिवस पुढे सरकते. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस धरले जातात. त्यांच्या पासपोर्टवरील शिक्के घेऊन कागदावर मोजले, तेव्हा बेत केलेला मुक्काम मर्यादेपेक्षा चार दिवसांनी जास्त भरला. (१२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि छायाचित्रासह संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने अशी चूक आता सहज पकडली जाते.) दुसऱ्या अभियंत्यासोबत मोजमापाचे महागडे उपकरण होते. ते तात्पुरते नेऊन परत आणायचे होते, म्हणून फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे वस्तू सीमाशुल्क न भरता तात्पुरती परदेशी नेण्याचा दस्तऐवज, घेतला. त्यावर निघताना भारतीय सीमाशुल्क विभागाचा शिक्का हवा असतो, आणि तोही पेटी विमानात चढवण्यासाठी देण्याआधी. त्यामुळे त्यांना नेहमीपेक्षा दोन तास लवकर पोहोचवावे लागले. तिसऱ्या एक अभियंता होत्या. कंपनीच्या नोंदीत त्यांचे सासरचे आडनाव होते आणि पासपोर्टवर माहेरचे. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याची पद्धत असल्याने पासपोर्टवरील नावाचे रकाने आणि तिकिटावरील नाव जुळवणे हे एक स्वतंत्रच शास्त्र आहे, आणि मी अजूनही प्रत्येक नाव पासपोर्टसमोर ठेवूनच लिहितो.

आपण दुबईचा उल्लेख केलात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. दिवाळीच्या सुमारास तिकडे निघालेल्या एका सहकाऱ्याच्या फराळाच्या डब्यात अनारसे होते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे, आणि अनाराशावर खसखस असतेच. निघण्याच्या आदल्या दिवशी सहज बोलताना मी त्यांना सामानात काय काय आहे असे विचारले, म्हणून ते कळले. केनियाबाबतही असेच आहे. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते, आणि त्याविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. “परवा नैरोबीला निघायचे आहे” असा फोन आला की मी तिकिटाच्या आधी लसीबद्दल विचारतो.

आणि एप्रिल २०१० कधीच विसरणार नाही. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे १५ तारखेपासून जवळपास सहा दिवस युरोपातील बहुतेक विमानवाहतूक थांबली होती. इतक्या उंचीवर पसरलेल्या विरळ राखेला विमाने का घाबरतात, हे मी त्या रात्री प्रथमच वाचले. राखेतील सिलिकेट इंजिनाच्या तप्त भागात वितळते आणि पुढे पात्यांवर घट्ट बसते. कारण समजल्यावर नकाशाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. विमाने केव्हा सुरू होतील याची वाट पाहण्याऐवजी राख कोणत्या दिशेला जात आहे ते पाहिले, आणि आमच्या दोन माणसांना रेल्वेने दक्षिणेकडे रोमपर्यंत आणून तेथून मुंबईला आणले. मला या कामात काही वर्षे राहावेसे वाटले ते त्या आठवड्यामुळे.

बंदरकाठ यांचे उत्तर :

घाटमाथा यांनी सांगितले त्याला माझा दुजोरा आहे. मी मुंबईत व्यापारी जहाजांवरील क्रूच्या ये-जा करण्याची व्यवस्था पाहतो. आमच्याकडे तर पोहोचण्याचे ठिकाणसुद्धा स्थिर नसते. जहाज रॉटरडॅमला लागणार म्हणून पाच जणांची तिकिटे काढावीत आणि आदल्या रात्री कळावे की माल अँटवर्पला उतरणार आहे, हे नेहमीचेच. दोन्ही बंदरे शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसा चालतो, बदलावे लागतात ते स्थानिक एजंट, गाडी आणि हॉटेल. तेच जहाज इंग्लंडमधील फेलिक्सस्टोला वळले तर शेंगेन व्हिसाचा काहीही उपयोग राहत नाही आणि सगळे पहिल्यापासून मांडावे लागते. म्हणूनच खलाशांसाठी वेगळे भाडे असते, ज्यात तारीख बदलण्याची सवलत आणि जास्तीचे सामान मिळते. ही सवलत का अस्तित्वात आली हे मी एकदा विचारले, तेव्हापासून मी जहाजांच्या वेळापत्रकाबरोबर भरती-ओहोटी आणि बंदरातील गर्दीही पाहू लागलो.

२०२० मध्ये जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. त्या काळात कोणत्या बंदरात कोणत्या देशाच्या माणसाला उतरू देतात याची यादी आम्ही रोज सकाळी नव्याने करत असू, कारण कालची यादी आज चुकीची ठरत असे. घरच्यांचे फोन आम्हालाच येत. त्या महिन्यांत कुतूहलाला फार मोठी जबाबदारी चिकटली होती आणि ती मला अजूनही जाणवते. एकेक वाट शोधून माणसे घरी पोहोचवली, त्यातल्या बऱ्याच जणांची नावे आजही लक्षात आहेत.

रात्रपाळी यांचे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरे मनापासून पटली तरी थोडा वेगळा अनुभव नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी पाच वर्षे एका प्रवास संस्थेत कंपन्यांचे फोन घेत होते. तेथे काम तुकड्यांत वाटलेले होते. एकजण तिकीट काढी, दुसरा रद्द करी, तिसरा परतावा पाही, आणि प्रत्येक फोन किती मिनिटांत संपला हे मोजले जाई. पुण्याहून दिल्लीमार्गे फ्रँकफर्टचे तिकीट असलेला प्रवासी स्वतःच दिल्लीला पोहोचला आणि पहिला टप्पा न वापरल्यामुळे त्याचे पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द झाले, तर हे असे का होते हे त्याला नीट समजावून सांगायलाही वेळ नसे. विविधता समोरून जात होती, पण ती हाताळण्याची मुभा नव्हती. पुढे एका कंपनीच्या स्वतःच्या डेस्कवर आल्यावर तेच काम मला आवडू लागले.

म्हणून आपण होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात असे मी सुचवेन. एका माणसाचा प्रवास सुरुवातीपासून परतीपर्यंत आपल्याच हातात राहील का, कंपनीच्या प्रवासविषयक नियमांत बदल सुचवण्याचा अधिकार आपल्याला असेल का, आणि रात्रीच्या फोनची पाळी किती जणांत वाटली जाईल. शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा वेळ वाढला आणि पुढची जोडविमाने चुकू लागली. सलग कित्येक रात्री मी झोपू शकले नाही. माझ्या जोडीला दुसरे कोणी असते तर त्या अभ्यासाचा मला आनंदच झाला असता.

वाटचाल_३१ :

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. आज विचारणा केली. प्रवास पूर्णपणे एकाच व्यक्तीकडे राहतो आणि रात्रीचे फोन तिघांत वाटलेले आहेत. नियमांचा मसुदा याच वर्षी नव्याने लिहायचा असून त्यात माझा सहभाग असेल. सोमवारी होकार कळवत आहे. पहिल्या तीन महिन्यांत मी काय शिकावे?

घाटमाथा :

अभिनंदन. एका तिकिटाच्या भाड्याचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, कंटाळा आला तरी वाचा. न समजलेला प्रत्येक शब्द विमान कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. बिले तपासण्याची आपली सवय येथे फार उपयोगी पडेल, कारण जाण्या-येण्याचे तिकीट कधी कधी फक्त जाण्याच्या तिकिटापेक्षा स्वस्त का असते याचे उत्तर त्या नियमांतच सापडते.

एका रविवारी संध्याकाळी गाडीने स्वतः द्रुतगती मार्गावरून मुंबई विमानतळापर्यंत जाऊन या, म्हणजे लोणावळ्याहून परतणाऱ्या गर्दीत किती वेळ जातो ते आपल्या डोळ्यांनी दिसेल. आणि परत आलेल्या प्रत्येकाला हिशेबाच्या पावत्या मागण्याआधी दहा मिनिटे बसवून प्रवास कसा झाला ते विचारा. जपानहून आलेल्या एकाने मला सांगितले होते की तेथील शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या काही मार्गांवर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पेटीसाठी विशिष्ट आसन आधीच राखून ठेवावे लागते. तेव्हापासून जपानला निघालेल्या प्रत्येकाला मी पेटी मोजून यायला सांगतो.