मदत हवी आहे : एका आंबा मस्तानीत कॅलरी किती धरायच्या?

डाएट सुरू करून तीन आठवडे झाले. भाकरी, वरण, उसळ सगळं वहीत नीट लिहितेय, पण रविवारी पुण्यात मस्तानी प्यायले आणि गाडी अडली. ॲपमध्ये 'मँगो मिल्कशेक' सापडतो, पण मस्तानी म्हणजे नुसता मिल्कशेक नव्हे हे तुम्हाला सांगायला नको.

मग घरीच वजनकाट्यावर करून पाहिली. फुल क्रीम दूध 200 मिली (6 टक्के फॅटचं, म्हणून साधारण 175), डब्यातला गोड आमरस 100 ग्रॅम (90), शेकमध्ये फिरवलेलं आइस्क्रीम 100 ग्रॅम (200), वरचा गोळा 50 ग्रॅम (100), काजू-बदामाचे काप 10 ग्रॅम (60). बेरीज 625! माझं अख्खं जेवण एवढ्यात होतं हो.

आता गोंधळ असा : आइस्क्रीमच्या डब्यावर माप मिलीमध्ये आणि कॅलरी 100 ग्रॅमला. आइस्क्रीममध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे 100 मिली म्हणजे 100 ग्रॅम नाहीच. माझ्या काट्यावर 100 मिलीची वाटी 55 ग्रॅम भरली. हे बरोबर आहे का? दुकानातलं घट्ट आइस्क्रीम जास्त भरत असेल ना?

दुकानात काम केलेलं किंवा आहारतज्ज्ञ कुणी असेल तर कृपया सांगा, मोठ्या ग्लासात आइस्क्रीम साधारण किती ग्रॅम जातं? वरची टुटीफ्रुटी आणि चेरी मी धरलेली नाही, तीही धरायची का?

'पिऊच नकोस' हा सल्ला सासूबाईंनी आधीच दिलाय, तो सोडून काहीही चालेल.