द्राक्षबागेच्या मातीतील कीडनाशकाचे अंश तपासून घ्यावेत का? सल्ला हवा

येरळाकाठ:
नमस्कार. तासगाव तालुक्यातील दोन एकर द्राक्षबाग मी गेल्या वर्षी खंडाने घेतली. आधीच्या बागायतदारांनी मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातील छाटणीनंतर, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी केली होती, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी दिले होते, एवढेच मला ठाऊक आहे. फवारणीची डायरी त्यांनी ठेवलेली नाही. मी स्वतः हे औषध एकदाही वापरले नसताना काढणीपूर्व तपासणीत मण्यांमध्ये ते किलोला 0.04 मिलिग्रॅम आढळले, निर्यातीचा सौदा मोडला आणि माल बेदाण्याला घालावा लागला. हे मातीतून आले असेल काय? माती तपासायची झाल्यास नमुना कसा घ्यावा?

बोदावरचा:
मातीतून येऊ शकते, कारण हे औषध आंतरप्रवाही असून मुळांवाटे वर चढते आणि जमिनीत काही महिने, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ टिकते. तरीही मातीवर आळ घेण्यापूर्वी थोडा हिशेब करावा, असे मी सुचवेन. एकरी दहा टन माल धरला, तर 0.04 च्या प्रमाणाने सगळ्या घडांत मिळून औषध भरते जेमतेम 0.4 ग्रॅम. बाजारातील 17.8 टक्क्यांच्या द्रावणात लिटरला सुमारे 200 ग्रॅम मूळ घटक असतो. म्हणजे हे झाले 2 मिलिलिटर! फवारा सगळाच मण्यांवर पडत नाही, म्हणून चौपट धरले तरी 8 मिलिलिटर. न धुतलेल्या टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत उरलेल्या द्रावणात एवढे औषध राहू शकते. तेव्हा आपला ब्लोअर (फवारणीचे यंत्र) स्वतःचा आहे की भाड्याचा, हे आधी कळवावे.

दुसरा संशय बाटल्यांवर घ्यावा. ‘जैविक’ किंवा ‘टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत लेबलवर न लिहिलेले रासायनिक कीडनाशक सापडते. काढणीपूर्वीच्या दोन महिन्यांत वापरलेल्या अशा प्रत्येक बाटलीतील थोडे द्रावण बाजूला ठेवून तपासायला देणे, हे माती तपासण्याइतकेच उपयोगी ठरेल.

मातीच तपासायची असेल, तर सामूच्या आणि नत्र-स्फुरद-पालाशच्या नेहमीच्या चाचणीत हे अंश दिसत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हिची मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठावी आणि तिच्या मान्यतेत ‘माती’ आणि हा घटक दोन्ही आहेत ना, हे पैसे भरण्याआधी विचारावे. पुष्कळ ठिकाणी मान्यता फक्त फळे-भाज्यांपुरती असते. नमुना सावलीतही वाळवू नये. काचेच्या बरणीत भरून, बर्फात ठेवून, लगेच पोहोचवावा. आळवणी ठिबकच्या ड्रीपरखाली होत असल्याने ड्रीपरखालची आणि दोन ओळींमधली माती वेगवेगळी द्यावी. या दोन आकड्यांत मोठी तफावत निघाली, तर आळवणीचा माग लागतो. दोन्ही एकत्र कालवली, तर अहवाल कागदापुरताच उरतो.

वाईचा_स्ट्रॉबेरीवाला:
मी द्राक्षातला नाही. बेदाण्याबद्दल मात्र एक सांगतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे वाळताना जो अंश नष्ट होत नाही, तो चौपटीपर्यंत दाट होतो. बेदाण्याला घातले म्हणजे सुटलो, असे समजू नये. ती पेटीही तपासून घ्यावी.

बोदावरचा:
हे रास्त आहे. आणखी एक जुने उदाहरण सांगतो. 2010 साली युरोपात आपली द्राक्षे अडली, ती कीटकनाशकामुळे नव्हे, तर क्लोरमेक्वाट या वाढरोधकामुळे. म्हणून पुढील हंगामाच्या डायरीत संजीवकांचीही (वाढीवर परिणाम करणारी रसायने) तारीखवार नोंद ठेवावी.

येरळाकाठ:
दोघांचेही आभार. ब्लोअर भाड्याचाच आहे. आपला हिशेब वाचल्यावर ब्लोअरवाल्याकडे जाऊन त्याची भाड्याची वही पाहिली, तर माझ्या शेवटच्या फवारणीच्या आदल्या दिवशी तो ढोबळी मिरचीच्या शेतात फिरला होता. मारलेले औषध त्याला आठवत नाही; मिरचीवाल्यांना उद्या विचारतो. ड्रीपरखालची माती तरीही देणार आहे.