स्काउटची पोरं स्टेशनचं जे करतात त्याला काय म्हणायचं? दत्तक, सेवा, देखभाल की अजून काही

विचारणा:
मंडळी, एक शब्द अडलाय. आम्ही स्कॉटलंडमधे राहतो, मुलगा इथल्या कब पथकात जातो (आठ ते साडेदहा वर्षांची पोरं, त्यापुढे स्काउट) आणि त्यांच्या पथकाने आमच्या गावचं छोटं स्टेशन घेतलंय. इथे स्कॉटरेल या रेल्वे कंपनीची 'अ‍ॅडॉप्ट अ स्टेशन' म्हणून योजनाच आहे, ब्रिटनभर असे स्थानिक गट हजाराच्या वर आहेत, त्यात निवृत्त लोक जास्त पण शाळा आणि स्काउटवालेही असतात. स्टेशनवर माणूस कोणी नाही, तिकीट मशीनमधून नाहीतर गाडीत, आणि ही पोरं ऑक्टोबरात अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपांमधे डॅफोडिलचे कंद लावतात ते मार्चमधे फुलतात, लांब चिमट्याने कचरा उचलतात, चमकणारी पिवळी जॅकिटं घालून, सोबत मोठी माणसं असतातच. मंडळाच्या दिवाळी अंकात यावर लिहितेय. 'मुलांनी स्टेशन दत्तक घेतले' असं लिहिलं तर माझ्या सासूबाई म्हणाल्या हे काय, स्टेशनला कोणी नव्हतं का. मग काय लिहू?

प्रतिसाद:
सासूबाईंचा कान बरोबर आहे पण दत्तक हा शब्द मराठीत केव्हाच घराबाहेर पडलाय. गाव दत्तक घेतात (२०१४ ची खासदारांची आदर्श ग्राम योजना आठवा, सगळ्या पेपरात 'अमुक खासदारांनी अमुक गाव दत्तक घेतले'), बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वाघ-बिबटे दत्तक देतात, शाळा दत्तक, चौक दत्तक. पण या सगळ्यात बघा, दत्तक घेणारा पैसेवाला किंवा पदवाला असतो, तो खर्च उचलतो, बोर्डावर नाव येतं आणि काम दुसराच कोणी करतो. दहा वर्षांचं पोर गुडघ्यावर बसून माती उकरतंय त्याला दत्तक म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेण्यासारखं वाटतं मला. 'पालकत्व' पण नको, तो शब्द आता कंपन्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलाय.

प्रतिसाद:
ताई, मी मध्य रेल्वेतून रिटायर झालो, स्टेशनवरच आयुष्य गेलं. आपल्याकडे रेल्वेचं स्काउटिंग फार जुनं आणि वेगळं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारत स्काउट्स अँड गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० ची, आणि तिच्यात रेल्वेच्या झोनला राज्यासारखा दर्जा असतो, म्हणजे जसं महाराष्ट्र राज्य तसं मध्य रेल्वे, आणि डिव्हिजन म्हणजे जिल्हा. रेल्वे भरतीत स्काउट-गाईड कोटा असतो तो याच्यामुळेच. गर्दीच्या यात्रा-जत्रांना, स्वच्छता पंधरवड्याला ही पोरं फलाटावर दिसतात, गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी. आम्ही याला सरळ 'सेवा' म्हणायचो. रोव्हरचं, म्हणजे मोठ्या वयाच्या स्काउटचं, तर ब्रीदच सेवा आहे.

मे महिन्यातली पाण्याची सेवा ज्याने पाहिली असेल त्याला कळेल. गाडी दोन-तीन मिनिटं थांबणार, जनरलच्या डब्यातून माणूस खाली उतरला तर जागा गेली, त्यामुळे खिडकीच्या गजातून नुसते हात आणि रिकाम्या बाटल्या बाहेर. एक पोरगा बादली धरून चालतोय, दुसरा जगने भरतोय, आणि आमच्याकडे एक पोरगी नरसाळं घेऊन यायची, बाटलीच्या तोंडात नरसाळं लावलं की पाणी सांडत नाही आणि एका खिडकीला निम्मा वेळ लागतो. सिग्नल पडला की मागे, पिवळ्या पट्टीच्या आत, बाटली अर्धी राहिली तरी. हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवायचं आणि रोज परत शिकवायचं. त्यामुळे माझं मत सेवा.

प्रतिसाद:
काका, नरसाळ्याचं वाचून बरं वाटलं, आणि तुम्ही सांगितलेलं काम सेवाच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण ताईंचं काम तेच नाहीये. मी शाळेत गाईड कॅप्टन आहे (गाईड म्हणजे मुलींचं स्काउट), मुली घेऊन आमच्या गावच्या स्टेशनवर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेवा माणसाची होते, देवाची होते, आजाऱ्याची होते. प्रवाशांची सेवा बरोबर. स्टेशनची सेवा म्हटलं की आपण त्याला हळदकुंकू वाहतोय असं वाटतं. वस्तूला, बागेला, घराला, विहिरीला मराठीत जो शब्द लागतो तो 'निगा', आणि निगा घेत नाहीत, निगा राखतात. राखणं आलं की रोजचं आलं. फारसीतल्या निगाह म्हणजे नजर वरून आलाय तो, आणि नजर ठेवणं हेच यातलं मोठं काम आहे. माझ्या मुली स्टेशनवर गेल्या की आधी खराटा हातात घेत नाहीत, आधी वही काढतात आणि फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात. कुठला नळ गळतोय, कुठल्या बाकाची पट्टी निघालीय, फरशी कुठे उचकटलीय आणि म्हातारं माणूस अडखळेल, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण आहे का. ती यादी स्टेशन मास्तरांना देतात. पुढच्या खेपेला त्याच वहीत बघतात, नळ झाला, पट्टी नाही झाली. त्या पट्टीचं तीनदा लिहून दिल्यावर झालं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो रांगोळी काढून फोटो काढल्यावर कधी झाला नव्हता.

'देखभाल' मी मुद्दाम टाळते. मुंबईच्या माणसाला देखभाल-दुरुस्ती म्हटलं की रविवारचा मेगाब्लॉकच आठवणार, ते रेल्वेच्या लोकांचं तांत्रिक काम. 'राखण' म्हटलं की शेत नाहीतर कोकणातला राखणदार. 'संगोपन' पोराबाळांचं, 'जोपासना' झाडांची नाहीतर छंदाची. 'श्रमदान' चांगला शब्द, गाडगेबाबांच्या खराट्याची आठवण आहे त्यात, पण श्रमदान एका सकाळचं असतं, गाव जमतं, काम होतं, पांगतं. स्टेशनला एक सकाळ पुरत नाही, पुढची गाडी आली की पुन्हा वेफर्सची पाकिटं.

स्काउटच्या मराठीतच किती नीट शब्द आहेत बघा, स्काउटला जुना शब्द बालवीर, गाईडला वीरबाला, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान या शिकण्याच्या पायऱ्या, रोजचं एक सत्कृत्य, खरी कमाई म्हणजे पोरांनी छोटी कामं करून मिळवलेले पैसे. कोणीतरी एकेका शब्दावर बसून विचार केलेला आहे. मग आपण पेपरातलं दत्तक तसंच का उचलायचं.

प्रतिसाद:
बाईंना अनुमोदन. काका, फक्त एक भर घालतो, मी विद्युत विभागात आहे. उत्साहाच्या भरात शेडचं जाळं काढायला लांब बांबूला झाडू बांधतात किंवा झाडांवर पाइपने उंच पाणी उडवतात, हे कृपया कोणी करू नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि तिला हात लावावाच लागत नाही, दोन मीटरच्या आत जाणंच धोक्याचं. आणि चेंडू पडो नाहीतर झाडू पडो, रुळात उतरायचं नाही, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि त्याहून मोठं म्हणजे जीव जातो. निगा शब्दात हे पण यावं, काय करायचं नाही ते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. इथेही पोरांना पिवळ्या रेघेच्या मागेच ठेवतात, रुळाकडची झुडपं कितीही वाढली तरी ती रेल्वेची माणसंच तोडतात. निगा पक्कं. आता एक उरलं, करणाऱ्यांना काय म्हणू? स्वयंसेवक म्हटलं की आपल्याकडे एक विशिष्ट संघटना डोळ्यासमोर येते, कार्यकर्ते म्हटलं की निवडणूक. इथे या गटांना 'फ्रेंड्स ऑफ' आणि पुढे स्टेशनचं नाव असं म्हणतात.

प्रतिसाद:
मग तर उत्तर तुमच्या हातातच आहे. सर्पमित्र, वृक्षमित्र, पक्षिमित्र तसे स्टेशनमित्र. आठ वर्षांच्या पोराला पण सांगता येईल मी कोण ते. स्थानकमित्र नको, बोलताना कोणी स्थानक म्हणत नाही, ते फक्त अनाउन्समेंटमधे. चंद्रपूर आणि बल्लारशाला स्थानिक चित्रकारांनी ताडोबाचे वाघ रंगवले आणि २०१८ मधे रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत पहिला नंबर आला, तेही माझ्या हिशोबात स्टेशनमित्रच.

प्रतिसाद:
रंगवलं ते छानच, पण मित्र म्हणायचं तर त्या भिंतीवर कोणी पान थुंकलं की दुसऱ्या दिवशी ओला फडका घेऊन जाणारा पण लागतो. तो कोण असतो तिथे, कोणाला माहीत असेल तर लिहा, माझ्या मुलींना सांगायचंय.

धागाकर्ती:
वाक्य असं केलंय, चालेल का सांगा: 'आमच्या गावच्या स्टेशनची निगा कब पथकातली मुलं राखतात, त्यांना आम्ही स्टेशनमित्र म्हणतो.' सासूबाईंनी पास केलंय.

प्रतिसाद:
चालेल. फक्त 'कब पथकातली मुलं' आधी घ्या, निगा मग.