विषय: दादरची गाडी – बॅटरी आठवड्यात बसते

नमस्कार मंडळी,

आईबाबांची पेट्रोल हॅचबॅक दादरला सोसायटीच्या आवारात उभी असते. आठवडाभर हलवली नाही की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. बॅटरी 35 अँपिअर-अवरची, 14 महिन्यांची. बॅटरी गेली, नवी घाला, असा सल्ला मिळालाय. मी तीन आठवडे इथे आहे. बदलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? नवीही अशीच बसली तर बाबांना पुन्हा धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

– सध्या दादर

---

विषय: पुनः दादरची गाडी

ताई, इतक्यात नवी घेऊ नका. प्रश्न तीनच आहेत: बॅटरीत चार्ज टिकत नाही, डायनॅमो चार्ज करत नाही, की उभ्या गाडीत कोणीतरी गुपचूप करंट पितंय. तिन्हींना एकच मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर) पुरतो. लॅमिंग्टन रोडला साधा डिजिटल मीटर सहज मिळेल; त्यावर 10 अँपिअर डीसीचं वेगळं छिद्र आणि 200 मिलिव्होल्टची रेंज आहे ना, एवढं बघून घ्या. सोबत मगरचिमट्यांच्या वायरी.

आधी बॅटरी चार्जरवर रात्रभर पूर्ण भरा, मोकळ्या हवेत, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. चार्जर काढून दोन-तीन तास थांबा, मग मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो.

सेल्फ मारताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी लावून 13.8 ते 14.5 दिसलं तर डायनॅमो ठीक. हे दोन्ही नीट निघालं तर उरतो चोर. आकडे कळवा.

– हॅरो

---

विषय: पुनः दादरची गाडी

काका, चार्ज करून तीन तासांनी 12.58. सेल्फ मारताना 10.4. चालू इंजिनवर 14.2.

– सध्या दादर

---

विषय: पुनः दादरची गाडी

म्हणजे बॅटरी आणि डायनॅमो दोघंही आपापलं काम करताहेत. आता गळती मोजा. याच पायरीवर बहुतेकांचा मीटर जळतो, म्हणून सावकाश.

चावी काढा, गाडीपासून लांब ठेवा. बॉनेट उघडं राहील, पण त्याची कडी पेचकसाने दाबून बंद करा. गाडीला बॉनेट बंद वाटायला हवं. लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या छिद्रात. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरा निगेटिव्ह केबलच्या टर्मिनलला. मग 10 च्या पान्याने नट सैल करून टर्मिनल हळूच वर उचला. चिमटे आधीच लावलेले असल्यामुळे करंट तुटत नाही आणि गाडीतले कॉम्प्युटर जागे होत नाहीत. या अवस्थेत दार उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जाईल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. 30 ते 40 मिनिटं थांबा, सगळं झोपू द्या. 0.02 ते 0.05 अँपिअर साधारण मान्य.

– हॅरो

---

विषय: पुनः दादरची गाडी

40 मिनिटांनीही 0.21 वर अडकलाय.

– सध्या दादर

---

विषय: पुनः दादरची गाडी

चोर सापडला, नाव बाकी आहे. 0.21 गुणिले 24 म्हणजे दिवसाला 5 अँपिअर-अवर. 35 ची बॅटरी साडेतीन दिवसांत अर्धी, आठवड्यात रिकामी. तुमच्या तक्रारीशी हिशेब तंतोतंत जुळतो.

टर्मिनल परत घट्ट बसवा, मग मीटर काढा. काळी वायर ‘कॉमन’ (COM) छिद्रातच राहू द्या, लाल वायर अँपिअरच्या छिद्रातून व्होल्टच्या छिद्रात आणा. हे विसरलात तर फ्यूजवर खरा आकडा दिसणार नाही, आणि नंतर बॅटरीचे व्होल्ट मोजताना शॉर्ट होईल. फ्यूज उपसू नका, उपसून परत लावताना कॉम्प्युटर जागे होतात. फ्यूजबॉक्स गाडीच्या आत असेल तर दार उघडून त्याची कडीही पेचकसाने बंद करा, पुन्हा 40 मिनिटं थांबा. मग मीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. करंट नसलेल्या फ्यूजवर शून्य. 10 अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध 7-8 मिलिओहम असतो, म्हणून 0.2 अँपिअर वाहत असेल तर दीड मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. लहान आकडा आहे, हात स्थिर ठेवा.

– हॅरो

---

विषय: पुनः दादरची गाडी

मधेच लिहितो, कारण मुंबईची हवा वेगळी. खारं वारं आणि पावसाळ्याची ओल अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी असलेली जोडणी, खाते. निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने जोडलीय तिथे बघा. सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब आणि इंजिनच्या धातूमध्ये 0.2 व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकवून वरून व्हॅसलीन. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद पेटत असेल तर तो दिव्याच्या अर्थचाच दोष.

आणि सोसायटीच्या घुशी-उंदीर! इंजिनाखाली वायरीवर दातांच्या खुणा बघाच. पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना मात्र हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

– रेडिंग

---

विषय: पुनः दादरची गाडी

‘ऑडिओ’ लिहिलेल्या 15 अँपिअरच्या फ्यूजवर 1.0 मिलिव्होल्ट, बाकी सगळीकडे शून्याच्या आसपास. तो फ्यूज काढून पुन्हा गळती मोजली: 0.03. म्युझिक सिस्टिम बाहेरून बसवलेली आहे आणि चावी काढली तरी वाजते.

– सध्या दादर

---

विषय: पुनः दादरची गाडी

मग उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. सिस्टिमच्या मागे पिवळी वायर (ही एअरबॅगची नव्हे) कायम चालू बॅटरीची, लाल वायर चावीची. चावीशिवाय वाजावी म्हणून बसवणारे कधीकधी लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात. मग सिस्टिम कधी झोपतच नाही.

निगेटिव्ह काढून लाल वेगळी करा. चावी काढल्यावर शून्य आणि चावी पहिल्या खुणेवर आणल्यावर 12 व्होल्ट दाखवणारी वायर मीटरने शोधून तिला जोडा. एअरबॅग किंवा एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेच्या) फ्यूजवरून घेऊ नका. जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका, दमट हवेत टेपचा गोंद सुटतो. सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. फ्यूज 15 चाच, निळा. 20 चा नको, फ्यूजआधी वायर जळेल.

0.03 वरही दिवसाला 0.7 अँपिअर-अवर जातात, म्हणजे तीन आठवड्यांत जवळपास अर्धी. बाबांना सांगा, दर दहा दिवसांनी गाडी निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवावी. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून सेल्फने घेतलेलंच जेमतेम भरतं. वारंवार रिकामी झाल्याने या बॅटरीची क्षमता थोडी कमी झालीच असणार, तेव्हा परतण्याआधी दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

– हॅरो