मेलमधली झिप उघडली, काहीच दिसलं नाही. आता काय करू?

नवी_वही
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आज दुपारी मेलमधली एक अटॅचमेंट उघडली. बिल होतं, पण उघडलंच नाही. परत दोनदा क्लिक केलं, तरी तेच. मग मेल नीट पाहिला तर नाव ओळखीचं, पत्ता भलताच. अँटीव्हायरस गप्प आहे. कोणता अँटीव्हायरस टाकला की नक्की कळेल? उद्या सकाळी याच कॉम्प्युटरवरून काम पाठवायचं आहे, त्यामुळे कृपया फॉरमॅट मारायला सांगू नका.

रातकिडा
आधी वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा, आणि पुढचं फोनवरून लिहा. मग हे सांगा: विंडोज कोणतं? कॉम्प्युटर घरचा की ऑफिसचा? फाइलचं पूर्ण नाव काय? अटॅचमेंट सरळ उघडली की झिपमधून बाहेर काढली? क्लिक केल्यावर स्क्रीनवर क्षणभर तरी काही चमकलं का? आणि त्या वेळी ब्राउझरमध्ये कोणकोणती खाती लॉगिन होती? यातलं काही कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरेल.

आडवाट
लिनक्स टाका. विंडोजसाठी लिहिलेल्या फाइली तिथे सहसा चालत नाहीत, कटकट संपली.

तळटीप
आडवाट, आज रात्री त्यांना लिनक्स शिकवणार का? शिवाय खोटं लॉगिन पान दाखवणारी एचटीएमएल अटॅचमेंट लिनक्सवरही तितकीच चालते. पासवर्ड तिथे माणूसच टाइप करतो.

नवी_वही
विंडोज ११. घरचा आहे. फाइल पीडीएफ होती. पीडीएफमध्ये व्हायरस असतो का? झिप होती, तिचा पासवर्ड मेलमध्येच दिला होता. डेस्कटॉपवर काढली. काळी खिडकी येऊन गेल्यासारखं वाटलं, पण अर्धा सेकंदसुद्धा नसेल.

रातकिडा
ती पीडीएफ नव्हती. पीडीएफ उघडताना काळी खिडकी येत नाही.

आता फाइलवर क्लिक न करता एवढंच बघा. ज्या फोल्डरमध्ये ती आहे तिथे व्ह्यूमधून डिटेल्स निवडा आणि 'टाइप' या रकान्यात काय लिहिलंय ते सांगा. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का, तेही पाहा.

आणि झिपला पासवर्ड का होता, ते लक्षात घ्या. पासवर्डने बंद केलेली झिप मेल सेवेच्या तपासणीला आतून वाचता येत नाही. कुलूप लावून किल्ली त्याच पाकिटात पाठवली तर त्यात गुप्तता कसली? ती युक्ती फक्त तपासणी चुकवण्यासाठी असते. इमोटेट हा मेलमधून पसरणारा घातक प्रोग्रॅम पसरवणाऱ्यांनी हा प्रकार भरपूर वापरला, आणि २०२१ च्या जानेवारीत त्यांचं जाळं पोलिसांनी मोडलं तरी युक्ती काही मेली नाही.

कोरी_पाटी
म्हणूनच सांगतो, एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. खरी एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची शेवटची अक्षरं, दिसली की कोणी फसत नाही. २००० सालचा 'आय लव्ह यू' हा मेलने पसरलेला व्हायरस आठवा. नावात .टीएक्सटी दिसत होतं आणि शेवटचं .व्हीबीएस, म्हणजे क्लिक करताच चालणाऱ्या स्क्रिप्टची (आज्ञांच्या फाइलची) ओळख, विंडोज लपवत होतं. तेवढ्या एका सेटिंगपायी जगभरच्या मेलपेट्या भरल्या.

तळटीप
कोरी_पाटी, सेटिंग चालू करावीच, पण इथे ती उपयोगाची नाही. शॉर्टकटची .एलएनके ही एक्स्टेन्शन विंडोज कधीच दाखवत नाही, ती सेटिंग चालू असली तरीही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, तिच्यासाठी वेगळी नोंदच आहे. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.एलएनके' हे नाव तुम्हाला 'बिल.पीडीएफ' असंच दिसणार, आणि चिन्हही पीडीएफचं लावता येतं. खरं काय ते फक्त 'टाइप'चा रकाना सांगतो.

कोरी_पाटी
हे माहीत नव्हतं. तरीही .जेएस, .व्हीबीएस, .एससीआर, .एचटीए अशा क्लिक करताच चालणाऱ्या फाइलींसाठी सेटिंग हवीच, यावर मी ठाम आहे. आणखी एक करा: डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जाऊन .जेएस आणि .व्हीबीएस या दोन्ही नोटपॅडने उघडतील असं ठेवा. चुकून डबल-क्लिक झालंच तर स्क्रिप्ट चालण्याऐवजी मजकूर उघडेल.

नवी_वही
टाइपमध्ये 'शॉर्टकट' आहे. बाणही आहे. आधी लक्षच गेलं नाही. म्हणजे गेलं का सगळं?

रातकिडा
सगळं गेलं असं नाही, पण काहीतरी नक्की चाललं. शॉर्टकट हे प्रोग्रॅमला दिलेल्या आज्ञेचं नुसतं पाकीट असतं. असल्या फाइली बहुतेक वेळा पॉवरशेलला, म्हणजे विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारतात, ते नेटवरून पुढचा भाग ओढून आणतं. काळी खिडकी तीच. म्हणून नवा अँटीव्हायरस हे उत्तर नाही: तो मुख्यतः डिस्कवरच्या फाइली तपासतो, आणि असला माल पुष्कळदा मेमरीतूनच चालून निघून जातो.

फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, 'टार्गेट' मध्ये काय आहे ते वाचा. पण ती चौकट रिकामी वाटली तर निर्धास्त होऊ नका. हल्लेखोर आधी शेकडो रिकाम्या जागा भरतात आणि खरी आज्ञा चौकटीत मावणाऱ्या अक्षरांच्या पलीकडे ढकलतात.

उंबरठा
वेळ कशात घालवताय? आधी मशीन बंद करा, मग बाकी सगळं.

तळटीप
घरचा आहे म्हणून चालेल. ऑफिसचा असता तर उलट सांगितलं असतं: नेट तोडा, चालू ठेवा, आयटीला कळवा. मेमरीतला पुरावा बंद केल्याबरोबर जातो. आणि कोणीही तो मेल पुसायला सांगू नका. तपासाला तो लागतो.

रातकिडा
नवी_वही, आता क्रम महत्त्वाचा. हे सगळं फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून करा. त्या मशीनवर पासवर्ड बदललात तर नवा पासवर्डही सरळ त्यांच्याच हातात जाईल.

पहिला मेलचा पासवर्ड. बाकी बहुतेक खात्यांचा पासवर्ड-बदल मेलवरच येतो, म्हणून तो आधी. मग लगेच 'सगळ्या साधनांवरून साइन आउट'. हे विसरू नका, कारण माहिती चोरणारे प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या कुकीजही (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) उचलतात, आणि चालू सत्राची कुकी हाती असली की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. पासवर्ड बदलून गप्प बसलात तर काही सेवांवर ते सत्र तसंच चालू राहतं.

त्यानंतर मेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरी फोन नंबर, रिकव्हरी मेल आणि परवानगी दिलेली बाहेरची अ‍ॅप्स, एकेक उघडून बघा. खात्यात शिरलेला माणूस बहुधा एक फिल्टर लावून जातो: ठरावीक शब्दांचे मेल परस्पर दुसरीकडे पाठवायचे आणि इनबॉक्समधून उडवायचे. मग बँक, मग ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड. यादी मोठी असेल तर पैशाची आणि सरकारी कामाची खाती आधी घ्या.

सांजवात
धाग्यावर विचारतेय, चालेल ना? माझ्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो (फाइलमधलाच छोटा प्रोग्रॅम) आहे. मेलने आली की लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाही. आधी चालायचं.

कोरी_पाटी
२०२२ पासून नेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइलवर 'ही बाहेरून आली' अशी अदृश्य खूण असते, तिच्यावरून. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' वर टिक, ओके.

तळटीप
थांबा. मॅक्रो तुम्ही स्वतः लिहिलेला असेल किंवा पाठवणाऱ्याला फोन करून विचारलं असेल, तरच ती टिक करायची. 'अनब्लॉक करा' असं फाइलमध्येच चित्र काढून सांगितलेलं असेल, तर तोच सापळा समजा. आणि नुसत्या पिवळ्या पट्टीवर 'एनेबल एडिटिंग' ची घाई करू नका. वाचण्यासाठी प्रोटेक्टेड व्ह्यू, म्हणजे फाइल फक्त वाचायला उघडणं, पुरेसा असतो.

तीच खूण या धाग्यातही महत्त्वाची आहे. नवी_वही, झिप कशाने काढली होती?

नवी_वही
सेव्हन-झिपने. मेलच्या फिल्टरमध्ये काही नाही, फॉरवर्डिंगही बंद आहे. पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं. बँकेचाही झाला.

तळटीप
तरीच. सेव्हन-झिप बाहेर काढलेल्या फाइलींवर ती खूण मूळ सेटिंगमध्ये लावत नाही, म्हणून विंडोजने 'ही फाइल नेटवरून आली आहे' असा इशाराही दिला नाही. आवृत्ती २२.०० पासून सोय आहे: टूल्स, ऑप्शन्स, तिथे झोन आयडीच्या (म्हणजे याच खुणेच्या) ओळीत 'येस' करा. आणि किमान २४.०९ घ्या, कारण झिपच्या आत झिप असली की खूण गळून पडायची, ती चूक त्यात सुधारली. विनरार वापरणाऱ्यांनीही बघा: ६.२३ च्या आधीच्या आवृत्तीत नुसतं झिपमधल्या चित्रावर क्लिक करून भलतीच स्क्रिप्ट चालवता यायची. दोन्ही प्रोग्रॅम आपले आपण अपडेट होत नाहीत, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

आडवाट
फाइल व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर टाका ना. डझनावारी अँटीव्हायरस एकदम तपासतील.

रातकिडा
ही फाइल टाकली तर हरकत नाही. पण सरसकट सवय नको. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सभासदांना उतरवून घेता येते, त्यामुळे खरं बिल किंवा करारपत्र टाकलं तर ते जगासमोर गेलं. त्याऐवजी पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवून फाइलचा हॅश (तिच्या बोटाच्या ठशासारखा अक्षरांचा संच) काढा आणि तिथे फक्त हॅश शोधा. 'सापडलं नाही' याचा अर्थ 'स्वच्छ' नव्हे. प्रत्येकाला थोडी वेगळी फाइल पाठवली की हॅशही वेगळा येतो.

उंबरठा
पाठवणारा खरा की खोटा हे मूळ मेलमधल्या एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्या डोमेनच्या तपासण्यांवरून कळतं. दोन्हींपुढे 'पास' असेल तर उघडायला हरकत नाही.

तळटीप
उंबरठा, हे घातक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. 'पास' म्हणजे मेल त्याच डोमेनवरून आला, एवढंच. ओळखीच्या माणसाचं खातं फोडून, त्याच्या जुन्या संभाषणालाच उत्तर म्हणून झिप पाठवली तर सगळे 'पास' हिरवे दिसतील. खात्री करायची तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

उंबरठा
मान्य. 'हरकत नाही' हे शब्द चुकले.

नवी_वही
विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन केलं, रीस्टार्ट होऊन पंधरा मिनिटं चाललं. काही सापडलं नाही. म्हणजे वाचले ना? फॉरमॅट टळला?

रातकिडा
नाही. चोरी करून स्वतःला पुसून टाकणारा प्रोग्रॅम स्कॅनला सापडणार नाही. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा: अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, पॉवरशेल, ऑपरेशनल. दुपारी क्लिक केलंत त्या मिनिटाला ४१०४ क्रमांकाची 'वॉर्निंग', म्हणजे संशयास्पद स्क्रिप्टची नोंद, आहे का?

नवी_वही
आहे. दोन वाजून अकरा मिनिटांनी तीन आहेत. आत लांबलचक अगम्य अक्षरं.

रातकिडा
मग वाद संपला. विंडोज नव्यानेच टाका. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी दुसरा भरवशाचा मार्ग मला दिसत नाही. उद्याचं काम अडणार नाही असं करता येईल: लागणाऱ्या .डॉकएक्स, .एक्सएलएसएक्स, पीडीएफ आणि फोटो तेवढे रिकाम्या पेनड्राइव्हवर घ्या, प्रत्येकाचा 'टाइप' बघून. प्रोग्रॅम, स्क्रिप्ट, शॉर्टकट, मॅक्रो असलेल्या .डॉकएम, .एक्सएलएसएम काही घेऊ नका. काम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवा.

विंडोजसाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि विंडोजच्या डिस्कवरची सगळी पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसून टाका. नंतर रोजच्या कामाला स्टँडर्ड खातं ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं. कुकीची चोरी त्याने थांबत नाही, पण यंत्रणेत खोल मुळं रोवणं अवघड होतं.

नवी_वही
एक सांगायचं राहिलं. बॅकअपची हार्ड डिस्क तेव्हा जोडलेलीच होती. नेहमीच असते.

तळटीप
हे आधी सांगायला हवं होतं. आत्ता काढा. नवं विंडोज टाकून, पूर्ण अपडेट करूनच ती जोडा. पेनड्राइव्ह-डिस्कवरचं ऑटोरन (जोडताच आतला प्रोग्रॅम आपोआप चालणं) विंडोज ७ पासून बंद आहे, त्यामुळे नुसती जोडल्याने काही चालत नाही. जोडल्यावर काहीही न उघडता तिच्यावर उजवं क्लिक करून डिफेंडरने तपासा. मग शोध चौकटीत .एलएनके शोधा. तुम्ही स्वतः न बनवलेले शॉर्टकट, विशेषतः फोल्डरच्या नावाने असलेले, दिसले तर ते उडवा आणि लपवलेले फोल्डर दाखवायची सेटिंग चालू करा. खरे फोल्डर बहुधा तिथेच लपवून ठेवलेले असतात. फाइली नीट उघडतात का, ते चार-पाच जुन्या फोटोंवर तपासा. आणि यापुढे बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला) घरातल्या दुसऱ्या फोल्डरसारखीच दिसते.

नवी_वही
काढली. पेनड्राइव्ह बनवायला घेतलाय. पार्टिशनच्या पानावर अडले तर इथेच विचारते.