कोपऱ्यावरचं थिएटर, पिंपळ आणि आपली कंपाउंड वॉल

सेक्रेटरी: मंडळी, शुभ सकाळ. शेजारच्या बंद थिएटरच्या बाजूची आपल्या सोसायटीची कंपाउंड वॉल आणि त्यांचा पॅरापेट (छताच्या कडेची भिंत), दोन्हींचे फोटो वर टाकलेत. पॅरापेटवरचा पिंपळ गेल्या वर्षीच्या दुप्पट झालाय. मिरगाआधी काय करायचं ते या आठवड्यात ठरवायला हवं. लिहूनच सांगा, व्हॉइस नोट नकोत.

ए-102: पाडून टाका म्हणावं एकदाचं. थिएटरात पिक्चर बघतंय कोण? सगळं मोबाइलवर.

बी-204 (ऑपरेटर काका): मोबाइलवर सगळं ढकलू नका. त्याच्या बऱ्याच आधी गणित बिघडलं. 900 खुर्च्या कशासाठी बांधल्या ते बघा. प्रिंट, म्हणजे फिल्मच्या प्रती, मोजक्या निघत, एकेक साठेक हजार रुपयांची. आधी मोठ्या शहरांत फिरून मग ती लहान गावांत यायची. गावात थिएटरं दोन-तीन, पिक्चर आठवडेच्या आठवडे चाले. डिजिटल आलं आणि प्रिंटचा खर्चच उडाला. मग एकाच शुक्रवारी देशभर रिलीज आणि सोमवारपर्यंत कमाई आटोपली. तीन दिवस भरायचं आणि चार दिवस रिकामं ठेवायचं, असं 900 खुर्च्यांचं घर परवडत नाही.

सी-301: पण काका, लोक म्हणायचे तिथे पडदा काळोखा दिसतो आणि डायलॉग कळत नाहीत. गर्दी त्यामुळेच गेली ना?

बी-204 (ऑपरेटर काका): ते खरं आहे, पण तेही आकाराचंच दुखणं. सिनेमास्कोपला (रुंद चित्राला) पडदा 50 फूट रुंद म्हणजे उंची 21 फूट, क्षेत्रफळ 1,050 चौरस फूट. डिजिटलचं मानक 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप). साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला 1,050 गुणिले 14, म्हणजे 14,700 ल्युमेन (उजेडाचं माप) पडद्यावर पोचले पाहिजेत. केबिनची काच थोडा उजेड खाते, म्हणून मशीन 17-18 हजारांचं लागतं. बऱ्याच जुन्या थिएटरांत उपग्रहावरून पिक्चर उतरवणारी स्वस्तातली यंत्रणा बसली, तिचा प्रोजेक्टर त्याच्या निम्म्याचाही नसायचा. त्यात प्रोजेक्टरचे झेनॉन वायूचे बल्ब गॅरंटीचे तास उलटले तरी ओढायचे. म्हाताऱ्या बल्बचा उजेड लुकलुकतो आणि घटतो. तास जास्तच झाले तर बल्ब फुटतो आणि सोबत रिफ्लेक्टरही घेऊन जातो.

ए-102: मग जुन्या मशीनवर बरं दिसायचं ते कसं?

बी-204 (ऑपरेटर काका): मशीन तगडं होतं, माणूसही तितकाच तगडा लागायचा. फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, 2,000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं. दोन मशीन आलटून पालटून. रीळ संपायला सातआठ सेकंद उरले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. दुसरा ठिपका दिसला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर. कार्बनच्या दिव्यात दोन कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर सतत जुळवत राहावं लागतं. ते वाढलं की उजेड मंदावतो आणि खालून शिट्ट्या. आवाज फिल्मवर चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो. फिल्म चढवताना गेटखालचा लूप लहानमोठा झाला की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे.

डी-202 (इंजिनिअर): डायलॉग न कळण्याचं कारण मात्र सभागृहातच आहे. आवाज किती वेळ घुमतो ते सबाइनच्या सूत्राने काढतात: 0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण (आवाज खाणारं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये). उदाहरणाला घनफळ 7,000 घनमीटर धरू. भिंती, छत, पडदे मिळून शोषण 350, आणि बसलेला माणूस साधारण 0.45. हाउसफुल्लला 900 माणसांचे 405 वाढले की घुमणं दीड सेकंदाचं. लाकडी किंवा रेक्झिनच्या खुर्च्या रिकाम्या असतील तर तीन सेकंदांच्या वर. आजच्या मल्टिचॅनल (अनेक स्पीकरांच्या) आवाजाला एक-सव्वा सेकंदापलीकडे चालत नाही. म्हणजे प्रेक्षक घटले म्हणून आवाज बिघडला आणि आवाज बिघडला म्हणून प्रेक्षक घटले. जाड कापडी गादीच्या खुर्च्या असत्या तर हे बरंच टळलं असतं, कारण ती खुर्ची रिकामी असली तरी आवाज खाते. रेक्झिन पुसायला सोपं म्हणून ते लावलं गेलं.

सी-301: आणि पावसात पत्रे वाजतात ते वेगळंच.

डी-202 (इंजिनिअर): त्यावर खाली लोंबतं छत आणि मध्ये काथ्याचा किंवा लोकरीचा थर हवा. तो भिजला की वास धरतो. तेच झालंय.

ए-302 (सीए वहिनी): पैशाचं मी सांगते. 60 माणसं, चार शो, तिकीट 100, दिवसाचे 24,000. सप्टेंबर 2025 पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के आहे, त्याआधी 12 होता, आणि 2017 मध्ये सुरुवात झाली तेव्हा 18. कर काढून उरले 22,850 च्या आसपास. पहिल्या आठवड्याला निम्मा हिस्सा वितरकाचा धरला तर हातात साडेअकरा हजारही नाहीत. त्यातून वीज, पाच-सहा जणांचा पगार, घरपट्टी, विमा, प्रोजेक्टरची देखभाल. मल्टिप्लेक्सबरोबर 2009 मध्ये ठरलेलं पहिल्या आठवड्याला वितरकाला 50 टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस, 30 असं उतरतं. एकपडदावाल्यांचं जमेल तसं: कधी ठरलेलं भाडं, कधी टक्का, कधी आगाऊ रक्कम.

ए-102: निम्मा हिस्सा तर मल्टिप्लेक्सही देतं. ते कसं तगतं?

ए-302 (सीए वहिनी): पॉपकॉर्नवर, आणि चार पडदे म्हणजे दिवसाला वीस शो. मोठ्या पिक्चरला बारा द्यायचे, पडलेल्याला दोन. एकपडद्याकडे शोच चार आणि वितरक चारही त्याच पिक्चरला मागतो. पिक्चर आपटला तरी आठवडाभर सुटका नाही. पणजीत 2004 मध्ये इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आला, त्याच वर्षी जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्सचे चार पडदे सुरू झाले. त्यानंतर हा हिशोब कुणालाच चुकला नाही.

बी-103: एसी तरी चालू ठेवायचा होता. पंख्याखाली कोण बसेल?

डी-202 (इंजिनिअर): बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता टाकतो. 900 माणसं म्हणजे 90 किलोवॅट, म्हणजे 25 टनांचा एसी नुसत्या माणसांपोटी. बाहेरची दमट हवा कोरडी करायला आणखी बरेच. 60 माणसांच्या शोलाही पत्र्याखालून येणारी उष्णता तेवढीच आणि घनफळही तेवढंच. म्हणून मालक इंटरव्हलला एसी प्लांट बंद करतात आणि शेवटच्या तासाला लोक वर्तमानपत्राने वारा घेतात.

सेक्रेटरी: हे सगळं छान आहे, पण भिंतीचं बोला.

डी-202 (इंजिनिअर): बोलतो. पत्र्याच्या दोन उतारांमधली पन्हळ पिंपळाच्या पानांनी तुंबली आहे. ती 80 फूट लांब, दोन फूट रुंद, आणि फूटभर पाणी साचलं तर साडेचार टन. ते वजन ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीच्या, टोकावर येतं. टोक भिंतीत जिथे बसलंय तिथेच गंज जास्त असतो, कारण मांडवीची खारी हवा आणि कायमची ओल. आधी पन्हळ साफ, बाकी सगळं नंतर. पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे. त्यावर कुणी पाय द्यायचा नाही, भोक पाडायचं नाही, फोडायचं नाही. काढायची वेळ आली तर पाणी मारून, अख्खे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पन्हळीपर्यंत बाहेरून मचाण बांधूनच जायचं.

बी-103: पिंपळ मी गड्याला सांगून ओढून काढते ना.

डी-202 (इंजिनिअर): वहिनी, तेवढं करू नका. मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरलेली असतात, झाड ओढलं की चिरे सोबत येतात, खाली आपलं पार्किंग. बुंधा कापायचा आणि ताज्या कापावर लगेच, सुकायच्या आत, ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशने लावायचं. फवारायचं नाही. मुळं मेल्यावर सांधे मोकळे करून चुन्याने भरायचे. सिमेंटने नको. सिमेंट ओल आत कोंडतं, चिरा आतून भुसभुशीत होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत वरचा गिलावा ढलपीसारखा सुटतो. समोरच्या दर्शनी भागावर तेच झालंय, नीट बघा, फुगलेला सगळा भाग नव्या सिमेंटचा आहे.

ए-302 (सीए वहिनी): पण ती जागा आपली नाही. मालकाला लेखी पत्र, प्रत महापालिकेला, फोटोंवर तारीख. त्यांच्या होकाराशिवाय आपला माणूस तिकडे चढायचा नाही.

डी-202 (इंजिनिअर): बरोबर. आपल्या बाजूने दोन गोष्टी लगेच होतात. पॅरापेटला ओळंबा सोडून किती झुकलाय ते मोजायचं. आणि आपल्या भिंतीतल्या भेगेवर तीन ठिकाणी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची, तारीख लिहायची. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, नाही तडकली तर भेग जुनी.

सी-301: बाल्कनीचा स्लॅब? मुलं आत घुसतात क्रिकेटचा चेंडू आणायला.

डी-202 (इंजिनिअर): मुलांना आधी थांबवा. बाल्कनी पुढे झेपावलेली आहे, तिचं मुख्य लोखंड स्लॅबच्या वरच्या बाजूला असतं, आणि गळती वरूनच होते. खालून रंग ठीक दिसला म्हणून काही कळत नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रीट संशयास्पद. लोखंडाचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर लोखंड गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त.

बी-204 (ऑपरेटर काका): केबिनचंही लिहून ठेवा. भंगारवाल्याला आत सोडण्याआधी झेनॉन बल्ब माहीतगाराकडून काढून घ्या. थंड असतानाही त्यात वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो, पडला तर बॉम्बसारखा फुटतो. तोंडावर जाड शील्ड, हातात जाड हातमोजे. जुना रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारं यंत्र) काचेच्या फुग्याचा असेल तर त्यात पारा असतो. भिंतीतल्या खिडक्यांना लोखंडी झडपा दिसतील त्या मात्र तोडू देऊ नका. 1950 च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे, ती पेटली की विझत नाही. आगीने साखळीतला धातू मेणासारखा वितळायचा आणि झडपा आपोआप पडायच्या. इमारतीत बघण्यासारखं तेवढंच अस्सल उरलंय.

ए-102: काका, म्हणजे हे पुन्हा चालू होऊच शकत नाही?

बी-204 (ऑपरेटर काका): 900 चं नाही होणार. बाल्कनी भिंत घालून वेगळी काढली तर 200-220 खुर्च्या बसतात. पडदा 26 फुटांचा केला तर 283 चौरस फूट, सुमारे 4,000 ल्युमेन, मशीन पाच हजारांचं पुरतं, वीज त्या मानाने. खाली स्टॉलमध्ये नाटक, तियात्र (कोकणी संगीत नाटक). पण मधली भिंत दुहेरी हवी, नाहीतर खालचे तबले वरच्या पिक्चरमध्ये. अलीकडच्या इफ्फीत पणजीतल्या सम्राट-अशोक थिएटरच्या पडद्यांवर पिक्चर दाखवले गेलेच ना.

ए-302 (सीए वहिनी): आणि बाहेर जायचे दरवाजे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरच्या आगीत 59 माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या घालून वाट बंद केली होती. इथे बाल्कनीला एकच जिना आहे, दुसरा केल्याशिवाय परवान्याचं नावही काढू नये.

बी-103: पार्किंग कुठे करणार ते लोक? आपल्या गेटसमोर?

सेक्रेटरी: तो वाद नंतर. पत्राचा मसुदा सीए वहिनी करतील, मी सही करून महापालिकेत देतो. शनिवारी सकाळी 8 ला ओळंबा आणि काचेच्या पट्ट्या. शिडी ए विंगच्या जिन्याखाली आहे, खालची पायरी मोडलीय, सुतळीने बांधलेली आहे, तिच्यावर चढू नका. प्लास्टर ऑफ पॅरिस एक किलो पुरेल का?

डी-202 (इंजिनिअर): अर्धा पुरतो. भेग आधी ब्रशने साफ करा, गिलाव्याचा रंग खरवडून मग काच लावा, नाहीतर भिंत हलली तरी रंग सुटेल आणि काच शाबूत राहील.

ए-102: पार्किंगमधली माझी गाडी शुक्रवारी रात्रीच हलवतो.