मदत हवी आहे: नवऱ्याला 'युनिपोलर डिप्रेशन' सांगितलंय, गोळ्या चालू ठेवाव्यात का?

ऐरोलीची_आभा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरातला आहे म्हणून वेगळा आयडी घेतलाय, समजून घ्या.

आम्ही ऐरोलीला राहतो. नवरा चाळिशीतला, तुर्भ्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवाळीनंतर हळूहळू बिघडत गेलं. पहाटे चारला जाग येते, मग डोळ्याला डोळा नाही. जेवण निम्म्यावर. मॅच लावून बसतो, पण स्कोअर विचारला तर सांगता येत नाही. सकाळी एक मोजा पायात, दुसरा हातात, असा पलंगाच्या कडेला बसून राहतो, मग लोकल चुकते. एका रविवारी भाजीला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत. "भेंडी घ्यावी की गवार, ठरेचना" म्हणाला. कंपनीच्या ताळेबंदातले आकडे तोंडपाठ असणारा माणूस आहे हा.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ करून घेतलं. बी१२ किंचित कमी, बाकी ठीक. त्यांनीच ठाण्यातल्या एका सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. (ठाण्याला दाखवलं म्हटल्यावर चुलत सासऱ्यांनी जो विनोद करायचा तो केलाच. ठाणेकरांनी तो जन्मभर ऐकलेला असतो.) डॉक्टरांनी युनिपोलर डिप्रेशन सांगितलं. सकाळी एस्सिटॅलोप्राम (डिप्रेशनची गोळी) १० मिलिग्रॅम, रात्री थोडे दिवस क्लोनाझेपाम (झोपेसाठी).

महिना होत आला. सुरुवातीची मळमळ गेली, झोप जरा बरी आहे, पण चेहऱ्यावर फरक नाही. सासूबाईंचं म्हणणं, या गोळ्यांची सवय लागते, बंद करा आणि गावी नेऊन आणा. नवराही आता "काही उपयोग नाही" म्हणतो. डॉक्टरांनी त्याला "आधी कधी खूप उत्साहात, कमी झोपेत दिवस गेलेत का" असं दोनतीनदा विचारलं. तो नाही म्हणाला. ते का विचारत होते? युनिपोलर म्हणजे नक्की काय? अजून एक अडचण आहे, नवरा-बायकोतली, ती गोळ्यांमुळे आहे की आजारामुळे कळत नाही. आणि परवा जेवताना सहज म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." तेव्हापासून मला झोप नाही.

खाडीवारा

गोळ्या म्हणजे शरीराची वाट. सकाळी लवकर उठून प्राणायाम, अश्वगंधा, पॉझिटिव्ह विचार. माझ्या मेव्हण्याला याने फरक पडला.

गवती_चहा

खाडीवारा, तो माणूस पहाटे चारलाच उठतोय हो. लवकर उठायला काय सांगताय.

साबुदाणा_वडा

आभाताई, मी मनोविकार विभागात काम करतो. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण प्रश्नांची उत्तरं देतो. तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो.

"मी नसतो तर" हे वाक्य पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत ठेवू नका, आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. नवऱ्यालाही स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते मनात आलंय का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं ही भीती खोटी आहे. उलट बोलता आल्याने माणूस जरा मोकळा होतो. गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा, रोजच्या रोज द्या. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि थेट हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता निदान. दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक लागतंच. जोडीला झोप, भूक, थकवा, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थपणा, एकाग्रता आणि निर्णय, अपराधी वाटणं, मरणाचे विचार. एकूण नऊ लक्षणांपैकी पाच असली आणि त्यामुळे रोजची कामं अडली तर आम्ही डिप्रेशन म्हणतो. भेंडी-गवार हा आळस नव्हता, निर्णय न होणं हे लक्षणच आहे.

युनिपोलरमध्ये मन फक्त खाली जातं आणि परत नेहमीच्या पातळीवर येतं. बायपोलरमध्ये कधीतरी वरही जातं. पंचाईत अशी, की पेशंट खाली गेलेला असताना दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक कळतो तो मागच्या इतिहासावरून. आणि औषधं वेगळी आहेत. बायपोलर असताना नुसतं अँटिडिप्रेसंट, म्हणजे एस्सिटॅलोप्रामसारखं डिप्रेशनचं औषध, दिलं तर काही जण उलट्या टोकाला, उन्मादात जाऊ शकतात. तिथे लिथियमसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं. म्हणून तो प्रश्न पुन्हा पुन्हा. पेशंट बरेचदा नाही म्हणतो, कारण ते दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, चांगले गेलेले वाटतात. त्यामुळे घरच्यांनी आठवावं: सलग चारपाच दिवस किंवा जास्त, तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं सुसाट, खर्च किंवा बेत स्वभावाबाहेरचे, आणि हे सगळं बाकीच्यांच्याही लक्षात आलेलं. असं काही आहे का? नात्यात कुणाला?

ऐरोलीची_आभा

साबुदाणा_वडा, मनापासून आभार. काल रात्रीच विचारलं. हात कापत होते माझे. विचार येतात म्हणाला, पण काही ठरवलेलं नाही. आज सकाळी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी संध्याकाळीच बोलावलंय. गोळ्या माझ्या कपाटात.

उत्साहाचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी मार्चएंडला हा आठवडाभर रात्री दोनपर्यंत काम करत होता, चिडचिड, बडबड, आणि त्याच महिन्यात ई-स्कूटर घेतली. ते त्यात येतं का?

साबुदाणा_वडा

डॉक्टरांना सांगा, ठरवतील तेच. तुम्ही एवढंच आठवा: झोपायला मिळालं नाही की झोपेची गरजच वाटली नाही? रविवार मिळाल्यावर काय केलं? स्कूटर आधीपासून ठरली होती का?

गवती_चहा

मी या आजारातून दोनदा गेलेय, म्हणून औषधांबद्दल. दोनतीन आठवड्यांत थोडा फरक, नीट परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे. आणि फरक आधी दुसऱ्यांना दिसतो, आपल्याला शेवटी. झोप सुधारलीय म्हणताय ना, तिथूनच सुरुवात होते. महिन्यात "उपयोग नाही" म्हणून सोडू नका, पण डॉक्टरांना तसं सांगा जरूर, डोस वाढवतात किंवा औषध बदलतात. दुसऱ्या वेळी मला पहिलं औषध लागू पडलं नव्हतं, दुसरं पडलं.

सवयीचं म्हणाल तर सासूबाईंची भीती चुकीच्या गोळीवर बसलीय. सवय लागू शकते ती रात्रीच्या क्लोनाझेपामची, म्हणूनच ती थोडेच दिवस देतात. एस्सिटॅलोप्रामची तलफ येत नाही. पण ते अचानक तोडलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. मग लोकांना वाटतं, बघा, सवय लागली. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. पहिल्या वेळी मी बरं वाटताच बंद केलं होतं, आठवड्याभरात अंथरूण धरलं.

नवरा-बायकोतल्या अडचणीचं: दोन्हींमुळे होतं, औषधाने तर फारच कॉमन. डॉक्टरांना लाजू नका. याच कारणाने पुरुष गुपचूप गोळ्या सोडतात. पर्याय असतात.

आणि समुपदेशनही लावा. मला सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, उपयोग झाला. त्यातला सगळ्यात कामाचा भाग अगदी साधा होता: इच्छा व्हायची वाट न पाहता ठरलेलं छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं. आंघोळ, मग खाली गेटपर्यंत. मन नंतर येतं मागून. ठाण्यात १९९० पासून आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था याच क्षेत्रात आहे, चौकशी करा. आणि पैशाची अडचण असेल तर त्या विनोदातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. लोक दाखवून, गोळ्या घेऊन घरी जातात. १९०१ पासूनची जागा आहे ती, विनोदापलीकडेही काही करते.

साबुदाणा_वडा

गवती_चहांना अनुमोदन. खाडीवारा, प्राणायाम आणि चालणं जरूर, गोळ्यांच्या जोडीला. पण कुठलाही काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती ऑनलाइन मिळते, ती या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायकरीत्या वाढू शकतं. डोकेदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही परस्पर नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ऐरोलीची_आभा

जाऊन आलो. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या, गोळ्या बंद करायला सांगणार होत्या. डॉक्टरांनी नात्यात कुणाला असं होतं का विचारलं तर त्याच म्हणाल्या, "माझ्या भावाला लिथियम होतं, रक्त तपासायला न्यायचो आम्ही." नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं! पंधरा वर्षांच्या संसारात मी त्या मामांबद्दल फक्त 'तापट होते' एवढंच ऐकलेलं.

मार्चएंडचं सगळं विचारलं. झोप हवी होती, मिळत नव्हती, रविवारी दुपारपर्यंत झोपला होता, स्कूटरचे पैसे वर्षभर साठवलेले. डॉक्टर म्हणाले सध्या निदान युनिपोलरच, डोस १५ केलाय, पण मामांमुळे दर आठवड्याला बोलावलंय. झोप अचानक कमी होऊन हा अति खुशीत दिसला तर आनंद मानू नका, फोन करा, असं मला बजावलं. काउन्सेलिंगही सुरू करतोय. सासूबाई रिक्षात गप्प होत्या. आज सकाळी गोळी त्यांनीच दिली.

आता शेवटचा प्रश्न. दोन आठवड्यांची रजा सांगितलीय. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव लिहावंच लागतं का? एचआरची मुलगी आमच्याच सोसायटीत राहते.

तुर्भे_लोकल

मी एचआरमध्येच आहे. डॉक्टरांना विनंती करा, 'उपचार चालू आहेत, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज' एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यायचं असंही त्यात आहे. मात्र बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च नसतोच, पॉलिसी वाचून बघा. बिलं आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. अर्ज ईमेलने थेट मॅनेजरला, सीसीत फक्त एचआरचा कॉमन आयडी.